पुन्हा निघालेल्या तबकड्या

माझ्या आईशी माझे सगळ्यांत लांबलेले भांडण माणिक वर्मांवरून झाले. १९८४-८५ चा सुमार असेल. मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होतो. भिलाईतल्या आमच्या क्वार्टरमध्ये गीतरामायणाची एलपी लागली की सीतेच्या गीताला आई हातातले काम थांबवायची आणि म्हणायची, "हे माणिक वर्मांनी काय म्हटलं होतं रे!" मी कव्हर उलटून तिच्यापुढे धरायचो. गायक एकच, सुधीर फडके. "अरे, मी स्वतः ऐकलंय," ती म्हणायची. "दुसरं काहीतरी ऐकलं असशील," मी म्हणायचो. बाबा वर्ध्याचे. त्यांनी गीतरामायण पहिल्यांदा ऐकले तेच तबकडीवर, त्यामुळे ते माझ्या बाजूने. दोघांविरुद्ध एक, आणि आमच्याकडे छापील पुरावा.

आईचे म्हणणे खरे होते, हे कळायला मला वीस वर्षे लागली. जुन्या तबकड्या नव्या रूपात पुन्हा निघतात तेव्हा काय होते, याचा विचार मी तेव्हापासून करू लागलो. मी संगीताचा अभ्यासक नाही. ऐकणारा आहे, आणि ऐकणाऱ्याला असतात तशी ठाम मते मला आहेत. ती मते बहुतेक या भांडणातून आली आहेत.

भिलाईत मराठी माणूस आला तो कारखान्यामागे. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. बाबा त्याच वर्षी नोकरीला लागले. विदर्भातून रात्रीच्या गाडीत बसले की पहाटे दुर्ग, इतके हे गाव जवळ. शिवाय भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर अठराव्या शतकापासून होता, त्यामुळे रायपूर-बिलासपूरकडे जुनी मराठी घरे होतीच. भिलाईतली घरे मात्र नवी. आमच्या रांगेत तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, सगळे. बाहेर हिंदी, घरात मराठी. मराठी गाणे ऐकायचे तर रात्री नागपूर केंद्र खरखरत लागे तेवढेच; नाहीतर तबकडी. ज्या मुलाची मराठी गाण्याशी ओळख अशी तबकडीवरून होते, त्याला तबकडी म्हणजेच गाणे वाटते. पुण्यामुंबईच्या मुलाला मैफल, रेडिओ, शेजारचे काका असे दहा साक्षीदार असतात. मला एकच होता, आणि तिचे मी ऐकत नव्हतो.

घडले होते ते असे. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे पहिले गीत गेले. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची. दर आठवड्याला एक गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आल्याने बावन्नांची छप्पन झाली आणि १९ एप्रिल १९५६ ला मालिका संपली. चाली सगळ्या सुधीर फडक्यांच्या, पण आवाज अनेक. श्रीरामाला स्वतः फडके, सीतेला माणिक वर्मा. शिवाय ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, लता मंगेशकर. आई तेव्हा चौदा वर्षांची, पुण्यात. शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या घाईत ती हे ऐकत होती. पुढच्या गीतात कोण गाणार, यावर वाड्यात पैजा लागायच्या, असे ती सांगे.

पुढे फडके गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम एकट्याने करू लागले, आणि एचएमव्हीने सगळी गीते त्यांच्या आवाजात घेऊन एलपींचा संच काढला. मग कॅसेटी आल्या, मग सीडी. प्रत्येक खेपेला पुन्हा निघाले ते हेच. नाटकासारखी पात्रांत वाटलेली ती मालिका आमच्यासारख्या घरांत पोचली ती एका कथेकऱ्याने सांगितलेली रामकथा होऊन.

आता माझे मत. फडक्यांचा संच मला आजही मराठीतला सगळ्यांत आवडता अल्बम आहे. एकच माणूस कैकेयीचा संताप, भरताचा त्रागा आणि सीतेचा प्रश्न गातो, आणि कुठेही आवाज बदलून नक्कल करत नाही. फक्त शब्दांवरचा भार बदलतो. लवकुशांनी रामाला त्याचीच कथा गाऊन दाखवावी, या मूळ कल्पनेला एकट्याचा आवाज कदाचित जास्त शोभतो. पण तो संच म्हणजे दुसरी आवृत्ती आहे, आणि आमच्या घरी त्या दुसऱ्या आवृत्तीने पहिलीला खोटे पाडले. त्यात फडक्यांचा काही दोष नाही. दोष माझा. कव्हरवर छापलेले तेवढेच घडले, असे मी धरून चाललो.

पुनःप्रकाशन इतिहास कसा बदलते, हे मला नंतर इतर तबकड्यांवरही दिसू लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांचेच घ्या. बाबांकडे त्यांच्या जुन्या ७८ च्या गाण्यांची एक एलपी होती. मूळ तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास चाले. आलाप, चीज, दोन ताना, संपले. ऐकणारा उठे, तबकडी उलटी, सुई बदले, चावी भरे, पुन्हा बसे. मधल्या त्या मिनिटभरात आधीचा राग डोक्यात फिरत राही. एलपीवर या बाजू एकामागून एक जोडल्या, आणि वीस मिनिटांत सहा राग कानावरून जाऊ लागले. झिंझोटीचा ओलावा वाळायच्या आत पुढचे सुरू. लहानपणी मला खाँसाहेब घाईत गाणारे गवई वाटत. ज्यांच्या आलापीवर किराणा घराणे उभे राहिले, त्यांच्याबद्दल हे मत! आता मी त्यांची एक बाजू लावतो आणि यंत्र बंद करतो.

दुसरी भानगड वेगाची. जुन्या तबकड्या सगळ्याच काटेकोर ७८ फेऱ्यांवर घेतलेल्या नसत. कमी-जास्त वेगाने घेतलेली तबकडी ७८ वर फिरवून नवी प्रत केली की गवयाची पट्टी चढते किंवा उतरते. खाँसाहेबांचा आवाज मुळातच बारीक आणि उंच. त्यात आणखी थोडी चढ झाली तर माणूसच बदलतो. खरखर काढून टाकण्याची हौस मला त्याहून नावडते. खरखरीबरोबर तंबोऱ्याची आसही जाते, आणि गवई बंद कपाटात बसून गायल्यासारखा वाटतो. मला खरखर चालते. झोतभट्टीच्या गावात वाढलेल्या माणसाच्या कानाला मागचा आवाज गाळण्याची सवय असते.

'कॉल ऑफ द व्हॅली' हे तिसरे उदाहरण, आणि इथे मी जरा चिडतो. १९६७ ची ही एलपी. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. ती घडवून आणली एचएमव्हीच्या गो. ना. जोशींनी. हे तेच जी. एन. जोशी, तिशीच्या दशकात भावगीताच्या तबकड्यांनी महाराष्ट्र वेडा करणारे. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. दोन बाजू, एक दिवस. भिलाईत ही तबकडी मराठी घरात होती तशी बंगाली आणि तेलुगू घरांतही होती, कारण तिला भाषा नव्हती. नव्वदीत ती परदेशातून सीडीवर पुन्हा निघाली तेव्हा शेवटी उरलेल्या जागेत आणखी काही वादने जोडली. प्रत्येक वादन स्वतंत्र ऐकले तर सुंदरच. पण पहाडी संपली की रात्र झाली आहे, मेंढ्या घरी गेल्या आहेत. त्यानंतर पुन्हा गत सुरू झाली की दिवस मावळतच नाही. स्वस्तात जास्त मिळाले म्हणून मी ती सीडी घेतली होती. आता पहाडीनंतर बटण दाबतो.

पण पुनःप्रकाशनाला नावे ठेवताना केसरबाई केरकरांची भैरवी आठवते आणि मी गप्प होतो. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांवर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी कार्ल सेगन यांच्या गटाने जगभरचे संगीत निवडले. केसरबाईंचे नाव सुचवले रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने. पण ती तबकडी बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबरला दोन्ही याने निघाली. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका, साडेतीन मिनिटांची भैरवी, आणि ती तारांकडे गेली कुण्या दुकानदाराने खोके टाकून दिले नाही म्हणून. पुढे २०१७ मध्ये ती सोनेरी तबकडी विनाइलवर निघाली, तेव्हा केसरबाई पुन्हा पृथ्वीवर मिळू लागल्या. पुन्हा काढायला काहीतरी कुणीतरी जपलेले असावे लागते.

आमच्या भिलाईत नेमके इथेच अडते. १९७१ मध्ये दुर्गजवळच्या बघेरा गावच्या दाऊ रामचंद्र देशमुखांनी 'चंदैनी गोंदा' उभा केला. छत्तीसगडी शेतकऱ्याचे जगणे सांगणारा रात्रभराचा खेळ. खुमानलाल साव यांचे संगीत, लक्ष्मण मस्तुरियांची गीते. त्यातली गाणी आकाशवाणी रायपूरवरून इतकी लागत की आमच्या मोलकरीणबाई ती म्हणत आणि मला अर्थ न कळता पाठ झाली. नंतर मी ती शोधू लागलो तेव्हा बाजारातल्या कॅसेटवर गाणे तेच, पण गळा दुसराच आणि मागे कीबोर्ड. मूळ आवाज कुठल्या साली, कुठे घेतलेला, हे कव्हरवर नाही. इथे भांडायला छापील पुरावासुद्धा नाही.

तीजनबाईंचे त्याहून अवघड. त्या भिलाईजवळच्या गनियारीच्या, भिलाई पोलाद कारखान्यातच नोकरीला होत्या. बायकांनी बसून गायचे अशी रीत असताना त्या उभ्या राहून, कापालिक शैलीत पंडवानी गायल्या. १९८८ च्या 'भारत एक खोज'मुळे देशाने त्यांना पाहिले. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पण त्यांची कॅसेट लावली की मला अर्धेच मिळते. हातातला तंबोरा भीमाची गदा होतो, अर्जुनाचे धनुष्य होतो, ते दिसत नाही. हुंकारी भरणारा रागी कुणाकडे बघून बोलतो, ते कळत नाही. जो माणूस ती फक्त कॅसेटवर ऐकेल, तो पुढे आपल्या आईशी वाद घालेल, की तंबोरा हे फक्त वाजवायचे वाद्य आहे.

बाबा १९९४ मध्ये निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची होती आणि नवे घर लहान होते. "सगळं कॅसेटवर मिळतं आता," असे म्हणत मी एलपींची दोन खोकी विकून टाकली. बाबा काही बोलले नाहीत. आईने विचारले, "सगळंच मिळतं?" मी हो म्हणालो. खाँसाहेब गेले, मूळ 'कॉल ऑफ द व्हॅली' गेली, गीतरामायणाचा संच गेला. न्यूयॉर्कच्या त्या दुकानदाराची गोष्ट मी तेव्हा वाचलेली नव्हती.

दहा वर्षांनी एका दिवाळी अंकात गीतरामायणावरचा लेख वाचला. पहिल्या प्रसारणाच्या गायकांची नावे होती, सीतेपुढे माणिक वर्मा. मी अंक घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि वाचून दाखवले. आई पोळ्या लाटत होती.

"मग इतकी वर्षं मी काय सांगत होते?" ती म्हणाली.

मी विचारले, कसे गायल्या होत्या? हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो. तिने लाटणे बाजूला ठेवले, दोन ओळी म्हटल्या. मध्येच थांबली, मान हलवली, तीच ओळ पुन्हा वेगळी म्हटली. "इथं त्या असं हळू घेत. फडके जरा ठासून घेतात. दोन्ही चांगलं." मग तिने तव्यावरची पोळी उलटली. ती करपली होती.