वतन, पगार आणि छंद : शिरूर परिसरातून दिसणारा ड्रमवादनाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

ड्रमसेट हे वाद्य महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर आता इतके परिचित झाले आहे की, त्यालाही काही इतिहास आहे याचा विसर पडतो. एखादा विद्यार्थी फावल्या वेळात ड्रम वाजवतो, रोज तासभर सराव करतो, सुटीच्या दिवशी झांजा पुसतो, पडदे आवळतो. आपण त्याला छंद म्हणतो. परंतु ज्या समाजात वाद्याच्या चामड्यावर काठी मारणे हे शतकानुशतके कोणाच्या तरी जन्माशी बांधलेले काम होते, त्या समाजात ते छंद केव्हा झाले आणि कोणासाठी झाले, हा प्रश्न केवळ संगीताच्या इतिहासाचा राहत नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार शिरूर अर्थात घोडनदीचा परिसर नजरेसमोर ठेवून केला आहे. गावगाड्याचे वाद्य आणि पलटणीचे वाद्य ही दोन्ही एकोणिसाव्या शतकात येथे शेजारी शेजारी होती, हे या निवडीचे कारण होय.

गावगाड्यातील वाद्य

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र येते, त्यात वाजवणे हे करमणुकीचे नसून नेमून दिलेले काम आहे. देवळातील वाद्य गुरवाकडे, तर लग्नाची वरात आणि जत्रा यांतील हलगी-डफ प्रामुख्याने मांग समाजाकडे. मोबदला रोख नव्हे. खळ्यावरचे धान्य आणि सणावाराचा वाटा. या कामाला 'मान' हाही शब्द जोडलेला असे, आणि त्या मानासाठी तंटेही होत. तथापि मान आणि सक्ती येथे एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. वाजवण्याचा हक्क होता. न वाजवण्याचा नव्हता.

हे जोखड सैल करण्याचा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून केला. ते विधेयक महार वतनासंबंधी होते. पण त्यामागील प्रश्न सर्वच कनिष्ठ ग्रामसेवकांचा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि १ ऑगस्ट १९५९ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कायद्याने वतन गेले. सवय जायला अर्थातच अधिक काळ लागला.

घोडनदीची छावणी

वसईच्या तहानंतर (१८०२) कंपनीच्या फौजेचे ठाणे शिरूरला पडले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे लढाई झाली. या लढाईविषयी विपुल लिहिले गेले आहे. येथे एका बाजूच्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. कंपनीच्या देशी पायदळ पलटणींत ड्रम वाजवणारे आणि बासरी वाजवणारे नेमलेले असत. उठणे, जमणे, चालणे या साऱ्याचा इशारा ड्रमवर होई. हे वादन ना देवासाठी होते, ना वरातीसाठी. ते पगारावर होते आणि त्याला दिवस, वेळ व हुद्दा ठरलेला होता. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपायांचे प्रमाण लक्षणीय होते. ज्या वाद्यावर गावात हुकूम सुटे तो केवळ काहींसाठी, आणि ज्या वाद्यावर छावणीत हुकूम सुटे तो सर्वांसाठी, हा फरक त्यांच्या कानांनी टिपला नसेल असे मानणे कठीण आहे.

या परक्या वाद्याचे आपल्या वाद्यांशी दूरचे नातेही होते. युरोपातील लष्करी बँडमध्ये मोठा ढोल आणि धातूच्या झांजा अठराव्या शतकात रूढ झाल्या त्या तुर्की मेहतर वाद्यवृंदाच्या अनुकरणाने. आपला नगारा आणि मध्ययुगीन इंग्रजीतील 'नेकर' हे दोन्ही शब्द अरबी 'नक्कारा'चेच वंशज. आजही जगभर नावाजलेल्या झिल्जियन झांजांचा कारखाना १६२३ मध्ये इस्तंबूल येथे सुरू झाला व १९२९ मध्ये त्या घराण्याच्या एका शाखेने अमेरिकेत काम उभे केले. नगारखान्याचे वाद्य आणि पलटणीचे वाद्य घोडनदीकाठी समोरासमोर आले, तेव्हा एका अर्थाने फार जुने भाऊबंद भेटत होते.

अनेक माणसांचे काम एका माणसाकडे

लष्करी बँडमध्ये मोठा ढोल, छोटा ड्रम आणि झांजा वाजवायला स्वतंत्र माणसे लागत. नाटकगृहाच्या अरुंद जागेत व तुटपुंज्या पैशात ते परवडेना. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी मोठ्या ड्रमसाठी पायाने चालवायचे सुटसुटीत पेडल बाजारात आणले. १९२० च्या दशकात पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी आली. ड्रमसेट जन्मला तो काटकसरीतून, आणि बसून वाजवण्यातून. चालणारे वाद्य स्थिर झाले. ही गोष्ट किरकोळ नाही. मिरवणूक सुटली म्हणूनच वाद्य खोलीत आले आणि खोलीत आले म्हणूनच एकट्याच्या सरावाचे झाले.

मुंबईत ते हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांबरोबर रुजले. गोमंतकीय ख्रिस्ती आणि पारशी वादक हे त्याचे पहिले मोठे कसबी. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुर्जोर ही नावे चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांना परिचित आहेत. दौंड-मनमाड लोहमार्गावरील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) मध्ये चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंदच पडद्यावर आणला. खेडोपाडी ड्रमसेट पाहिला गेला तो आधी असा, तंबूतल्या पडद्यावर. त्रिलोक गुर्टू (जन्म १९५१) यांनी पुढे तबला आणि ड्रम एकाच मांडणीत आणले. शोभा गुर्टू यांच्या पुत्राने हे करावे यात आश्चर्य नाही.

चामडे आणि देखभाल

छंदाची खरी कसोटी वाजवण्यात नसून देखभालीत असते. हलगीचे कातडे पावसाळी हवेत सैल पडते. ते आगीवर शेकून ताणावे लागते. पूर्वीच्या ड्रमचे पडदेही वासराच्या कातड्याचे असत व तेही दमट हवेत ढिले पडत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली यांनी प्लास्टिकचा पडदा बाजारात रुळवला आणि हवामानाची कटकट संपली. तेथील इतिहासकार या बदलाकडे सोय म्हणून पाहतात. आपल्याकडे त्याला आणखी एक अर्थ आहे. जेथे चामडे कमावणे, मढवणे आणि हाताळणे यांवर विटाळाची मोहर होती, तेथे बिनचामड्याचा ड्रम कोणत्याही घरच्या दिवाणखान्यात निर्धास्त शिरू शकला. टी. एम. कृष्णा यांनी मृदंगम बनवणाऱ्या कारागिरांवरील आपल्या ग्रंथात (२०२०) दाखवून दिले आहे की, वादकाची कीर्ती आणि कातडे मढवणाऱ्याचे अनामिकपण एकत्र नांदू शकते. प्लास्टिकने तो पेच सोडवला नाही. फक्त आपल्या नजरेआड केला.

ड्रमसेट बाळगणाऱ्याची दिनचर्या मात्र मन लावून पाहण्यासारखी आहे. पडद्याभोवतीचे स्क्रू क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळत जायचे, म्हणजे ताण सर्वत्र सारखा बसतो. प्रत्येक स्क्रूजवळ हलकी टिचकी देऊन स्वर जुळतो का ते ऐकायचे. झांजा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने बोटांचे ठसे पुसायचे. पितळी तांब्यासारख्या त्या चिंचेने घासू नयेत. पेडलच्या सांध्याला तेलाचा थेंब. सरावासाठी रबरी पट्टी, कारण भिंतीपलीकडे शेजारी असतो. उजवा-डावा एकेक, मग दोन-दोन, मग मिश्र. तबलजी कायदा घोटतो तसाच हा रियाज. हलगीवादकाच्या एका हातात आखूड टिपरू व दुसऱ्या हातात लांब बारीक काडी असते. दोन असमान काठ्यांतून दोन स्वभावांचा नाद काढण्याची ती विद्या ड्रमवादकाच्या विद्येहून कमी कष्टाची नाही.

छंदाचा मान

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेच्या (स्थापना १९६२) पथकातून शाळकरी मुलांनी ढोल-ताशा हाती घेतला आणि कालांतराने अभियंते, डॉक्टर, बँक कर्मचारी, महाविद्यालयीन मुली अशी सर्व थरांतील मंडळी गणेशोत्सवापूर्वी नदीकाठी सरावाला जमू लागली. ही घटना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. स्वेच्छेने आणि शिस्तीने ढोल वाजवणारा मध्यमवर्ग हे गावगाड्याला न सुचलेले दृश्य होय. परंतु त्याच मिरवणुकीच्या मार्गावर सुपारी घेऊन वाजवणारा हलगीवाला अद्याप 'वाजंत्री'च राहतो. पहिल्याला आपण वादक म्हणतो, दुसऱ्याशी दर ठरवतो. वतन संपून सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही शब्दांची ही वाटणी टिकून आहे, ती नादावरून पडलेली नव्हे.

प्रवेश अर्जात 'छंद' असा एक रकाना असतो. प्रस्तुत लेखकाने असे अर्ज अनेक वर्षे चाळले आहेत. 'ड्रमवादन', 'गिटार', 'ढोल पथक' अशा नोंदी त्यात नियमित आढळतात. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत मोडक्या ड्रमसेटवर बसलेल्या एका विद्यार्थ्याने पाच मिनिटांत सर्वांना थक्क केले. त्याचे घर हलगीवादकांचे. अर्ज काढून पाहिला, तर रकान्यात 'निरंक' लिहिलेले होते. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, ते घरचं काम आहे."