कुंडीतल्या अनाहूत पाहुण्यांची ओळख

पावसाच्या पहिल्या काही सरी कोसळल्या, की गच्चीवरील कुंड्यांत आपण न पेरलेली रोपे डोके वर काढू लागतात. त्यांच्या बिया पक्ष्यांची विष्ठा, वारा, शेणखत, रोपवाटिकेतील माती किंवा ओल्या कचऱ्याचे खत यांतून आलेल्या असतात. अशी रोपे सरसकट उपटणे जसे योग्य नव्हे, तसेच कौतुकाने सर्वच वाढविणेही शहाणपणाचे नव्हे.

अंकुरलेली पहिली दोन पाने ही बीजपत्रे असतात. त्यांवरून रोपाची ओळख क्वचितच पटते. म्हणून खरी चार-सहा पाने फुटेपर्यंत थांबावे आणि रोप मुळांसह वेगळ्या कुंडीत हलवावे. पानांची मांडणी, गंध, खोडावरील लव आणि पान तोडल्यावर चीक येतो का, हे पाहावे. संशय असल्यास फुलोरा येईपर्यंत वाट पाहणे उत्तम.

काही रोपांबाबत मात्र विलंब परवडत नाही. मातीलगत चक्राकार पसरणारी, गाजरासारखी चिरलेली पाने दिसली, तर ते गाजरगवत असू शकते. शेवंती समजून अनेक जण त्याला जपतात. १९५५ मध्ये पुण्यात नोंद झालेले हे तण पुढे देशभर पसरले. त्याच्या संपर्काने त्वचेला खाज व पुरळ, तर परागकणांमुळे दम्याचा त्रास होऊ शकतो. पांढरी बारीक फुले येण्यापूर्वीच हातमोजे घालून ते मुळासकट काढावे.

पिंपळ आणि वडाची रोपे भिंतीच्या फटीत रुजतात. नुसता शेंडा छाटल्यास ती पुन्हा फुटतात आणि मुळे बांधकामात शिरतात. ती कोवळी असतानाच मुळासह काढून मोकळ्या जागी लावावीत.

भाजीबाबत अधिक सावधगिरी हवी. घोळीची पाने मांसल असतात आणि तिला पांढरा चीक नसतो. तिच्यासारख्याच जमिनीलगत पसरणाऱ्या नायटीला तो असतो. कर्ण्यासारखी फुले आणि काटेरी फळे येणारा धोतरा सर्वांगाने विषारी आहे. आपोआप उगवलेल्या वेलीचा दुधी भोपळा शिजविण्यापूर्वी त्याचा बारीक तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून फळ फेकून द्यावे. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा आणि मृत्यूही झाले आहेत. शिजविल्याने ते विष नाहीसे होत नाही.

खतातून उगवलेला टोमॅटो ठेवण्यास हरकत नाही. मात्र संकरित वाणाच्या बीपासून मूळ फळ मिळेलच असे नाही. पपई नर की मादी, हे तर फुले आल्यावरच कळते.

थोडक्यात, पाहुण्याचे स्वागत अवश्य करावे. परंतु ओळख पटल्याखेरीज त्याला स्वयंपाकघरात प्रवेश देऊ नये.