श्वासनळीतली दुर्बीण

हसता-खेळता मूल तोंडातला शेंगदाणा आत ओढतं, जोराचा ठसका लागतो, जीव घाबराघुबरा होतो आणि मग खोकला थांबतो. घरच्यांना वाटतं, गेला पोटात. तो पुष्कळदा उजव्या फुफ्फुसाच्या नळीत जाऊन बसलेला असतो, कारण ती डावीपेक्षा रुंद आणि सरळ. एक्स-रेत दाणा दिसत नाही. आत तो ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं. आज तो तोंडावाटे दुर्बीण घालून, छातीला चिराही न देता काढतात.

ही वाट उघडली जर्मनीतल्या फ्रायबर्गला, १८९७ साली. ६३ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनळीत डुकराच्या हाडाचा तुकडा अडकला होता. गुस्ताव किलियन या घशाच्या डॉक्टरांनी कोकेनने घसा बधिर केला, अन्ननलिका तपासायची सरळ नळी श्वासनलिकेत उतरवली आणि चिमट्याने हाड बाहेर काढलं. फुफ्फुसाच्या नळ्या नाजूक, त्यांच्यात ताठ नळी घालणं धोक्याचं, असाच तोवर समज होता. त्या लवचीक असतात, नळीबरोबर थोड्या बाजूला सरकतात, हे किलियननी करून दाखवलं. माझ्या मते हाड काढण्याहूनही हे काम मोठं.

ही विद्या हाताळायला शिकवली ती अमेरिकेतल्या शेव्हॅलिए जॅक्सन यांनी. नळीच्या आतल्या टोकाला त्यांनी इवलासा दिवा बसवला, त्यामुळे उजेड नेमका जिथे हवा तिथे पडू लागला. उघडी सेफ्टी पिन हे त्यांच्यापुढचं सगळ्यात अवघड काम. ती टोक वर करून अडकलेली असली आणि तशीच ओढली, तर नळी फाटणार. म्हणून पिन आतल्या आत मिटवायची आणि मगच बाहेर घ्यायची, यासाठी त्यांनी वेगळे चिमटे घडवले. काढलेली वस्तू ते रुग्णाला परत देत नसत. नोंद करून जपून ठेवत. पिना, बटणं, नाणी, खिळे, दाणे अशा दोन हजारांहून अधिक वस्तू आज फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत. हा हट्ट मला मोलाचा वाटतो. कोणती वस्तू कशी अडकते हे पुढच्या डॉक्टरांना त्यातूनच पाहायला मिळालं.

१९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची, वळणारी दुर्बीण आणली. मोठ्या माणसांच्या बऱ्याचशा तपासण्या आता तिनेच होतात. लहान मुलांसाठी मात्र जुनी ताठ नळीच आजही बहुतेकांच्या पसंतीची. ती पोकळ असल्यामुळे काम चालू असताना तिच्यातूनच ऑक्सिजन देता येतो. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगांमुळे चित्रही लख्ख दिसतं.

भिजलेला दाणा चिमट्यात चुरगळतो, म्हणून तो हलक्या हाताने धरावा लागतो. नळीत मावला नाही तर दाणा, चिमटा आणि नळी एकदमच बाहेर काढतात. नंतर नळी पुन्हा घालून दोन्ही बाजू पाहतात, कारण एखादी फाकळी मागे राहिली तरी सूज उतरत नाही.