मीरा मोटारगाडी

मीरा मोटारगाडी : महाराष्ट्रातील इचलकरंजी (जि. कोल्हापूर) येथील शंकरराव कुलकर्णी यांनी स्वप्रयत्नाने तयार केलेली लहान मोटारगाडी. तिच्या निर्मितीचे काम १९४५ च्या सुमारास सुरू झाले व पहिला, दोन आसनी नमुना १९४९ मध्ये सिद्ध झाला. पुढे सुमारे पाव शतक तिचे सुधारित नमुने तयार होत राहिले. तथापि कारखानदारी उत्पादनापर्यंत ती पोहोचली नाही.

मीराबाई या संत कवयित्रीच्या नावाशी जुळणारे हे नाव वाहनास त्या काळी अपरिचित होते. हिंदुस्थान, अँबॅसडर अशी नावे तेव्हा रूढ होती. ‘पद्मिनी’ हे स्त्रीनाम प्रीमियरच्या गाडीस सत्तरीच्या दशकात मिळाले. जपानच्या डायहात्सू कंपनीने १९८० मध्ये ‘मीरा’ याच नावाची लहान गाडी बाजारात आणली. केवळ नामसादृश्यामुळे या दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात त्यांचा परस्परांशी संबंध नाही. इचलकरंजीची मीरा तीन दशके आधीची असून तिचे एंजिन मागील बाजूस होते. यूरोपातही दुसऱ्या महायुद्धानंतर इंधन व पोलाद यांच्या टंचाईमुळे अशा छोट्या गाड्या निघाल्या. इंग्लंडमधील बाँड मिनीकार (१९४९) व इटलीत उगम पावलेली इसेटा (१९५३) ही त्यांची उदाहरणे होत.

इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. तेथे पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. माग व त्यांचे सुटे भाग दुरुस्त करणारे कारागीर गावात होते, तर शेजारच्या कोल्हापुरात ओतकाम व तेल एंजिने यांचा उद्योग वाढत होता. अशा परिसरात एकदोन गाड्या हाताने घडविणे शक्य होते. परंतु एकसारख्या हजारो गाड्या काढण्यास साचे, दाबयंत्रे, चाचणीची साधने व सुट्या भागांचे नियमित पुरवठादार लागतात. ते भांडवल एकट्या संशोधकाच्या आवाक्यातील नव्हते.

शासकीय धोरणाचाही अडसर होता. उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ अन्वये मोटार-उत्पादनास परवाना आवश्यक झाला. जनतेसाठी स्वस्त, लहान गाडी असावी असा विचार १९६० च्या आसपास शासकीय समित्यांतून मांडला गेला, तरी निर्णय लांबत गेला. शेवटी मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. तिचे तंत्रज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीचे होते.

मीरेपाशी ज्या साहाय्यक उद्योगांची वाण होती, ते महाराष्ट्रात पुढे औद्योगिक वसाहतींतून उभे राहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. नासिकजवळील सातपूर येथील वसाहतीत डीझेल एंजिनांस इंधन पुरविणारे भाग बनविणारा मायकोचा (आता बॉश) कारखाना व अनेक लहान यंत्रशाळा निघाल्या. महिंद्राची स्कॉर्पिओ (२००२) ही भारतात विकसित झालेली गाडीही नासिकमध्येच तयार होऊ लागली. कल्पक कारागिरास अशा व्यवस्थेची जोड वेळीच न मिळाल्यास त्याचे यंत्र नमुन्याच्या पलीकडे जात नाही, हे मीरेच्या इतिहासावरून दिसून येते.