पाणी आणि मतपेटी

आमचा सांगोला तालुका सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. उत्तरेला माळशिरस, उगवतीला पंढरपूर आणि मंगळवेढा, मावळतीला आटपाडी, खाली कवठेमहांकाळ आणि जत. पाऊस सह्याद्रीवरच रिकामा होतो, आमच्या वाट्याला नुसतं वारं येतं. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. कोरडा नावाची दुसरी एक नदी तिला मिळते. नदीचं नावच कोरडा म्हटल्यावर बाकी काय सांगायचं! त्यामुळं इथली माणसं ज्वारी-बाजरीवर, शेळ्यामेंढरांवर आणि खिलार जनावरांवर जगली.

आता मतदारसंघाचं. सांगोला तालुका आणि त्याला जोडलेलं पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ मिळून आजचा मतदारसंघ होतो. लोकसभेला आम्ही आधी पंढरपुरात होतो, २००८ च्या फेररचनेनंतर माढ्यात गेलो.

१९६२ साली शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख इथनं पहिल्यांदा निवडून आले. तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झालेली. सगळीकडं काँग्रेसचा जोर, आणि आमच्या माळावर लाल बावटा. १९६७ ला ते परत आले. १९७२ ला पडले, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्याच सालात मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळकरी पोर. मोठी माणसं खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची, घरात मिलोच्या लाल भाकरी. १९७४ च्या पोटनिवडणुकीत देशमुख पुन्हा आले, आणि मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असं चालूच राहिलं. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडलं. १९९९ पासून २०१४ पर्यंत परत चार वेळा आबासाहेबच. एकूण अकरा वेळा. पन्नासाच्या वर वर्षं एकच माणूस आमदार, आणि तोही बहुतेक काळ विरोधी बाकावर. १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर काही काळ मंत्रिपद मिळालं, तेवढंच.

पुतण्या मला विचारतो, "आण्णा, एवढी वर्षं एकच माणूस निवडून दिला, मग पाणी का नाय आलं लवकर?"

प्रश्न खोटा नाही. पोरांनी विचारलाच पाहिजे. आमची जमीन उंचावर, नद्या खाली. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूतनं टप्प्याटप्प्यानं उचलून आणायचं तर पैसा सरकारचा लागतो, आणि वाटेतल्या बागायतदार तालुक्यांचं वजन आमच्यापेक्षा जास्त. एकट्या आमदाराच्या भाषणानं मोटारी चालू होत नाहीत. म्हणून १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, भारत पाटणकर ही मंडळी त्यात होती. मागणी साधी, दुष्काळी तालुक्यांना समान पाणी. माणसं भाकरी बांधून जायची. भाषणं कमी, हिशोब जास्त, कुठल्या धरणाचं किती पाणी कुठं मुरतं याचा. टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा हे शब्द आमच्या बायाबापड्यांना तोंडपाठ झाले ते तिथनं.

पाणी यायच्या आधी डाळिंब आलं. हे झाड कमी पाण्यात तग धरतं. लोकांनी माळ फोडले, शेततळी काढली, ठिबक टाकलं. आधी गणेश, मग भगवा. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातनं बंगालमधल्या शालिमारला सुटली. एके काळी आमच्या तालुक्यातनं नुसती माणसं बाहेर जायची, ऊस तोडायला नाहीतर गलाईच्या धंद्याला. आता माल जायला लागला. पण तेल्या आणि खोडाला भोकं पाडणाऱ्या किडीनं किती बागा उपटाव्या लागल्या हेही लिहून ठेवलं पाहिजे. माझ्याही दोन एकरातली झाडं गेली.

२०१९ ला आबासाहेब उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. शहाजीबापू आमदार झाले, आणि २०२२ च्या त्यांच्या झाडी-डोंगाराच्या संवादानं सांगोला देशभर गाजला. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. २०२४ च्या तिरंगी लढतीत दुसरा नातू बाबासाहेब निवडून आला.

१९२ मतं आणि ७६८ मतं. एखाद्या मोठ्या वाडीत मावतील एवढीच. म्हणून आमच्याकडं मताला किंमत आहे, आणि आमदार एसटीत शेजारी बसून विचारपूस करतो ही सवय लोकांना लागलेली. नव्या आमदाराला हे जड जाणार.

पुतण्याला मी एवढंच सांगतो, की पाण्याचं आवर्तन कधी सुटतं, टेलच्या गावाला किती मिळतं, याची वही तू ठेव. आमच्या पिढीनं परिषदेत जाऊन मागायचं काम केलं. मोजायचं काम अजून व्हायचंय, आणि पुढच्या मताला तू कोण कुणाचा नातू हे बघण्याआधी ती वही उघड.