बॉनेट सांगलीचं, डिकी कुर्ल्याची

साताऱ्यातल्या आमच्या घरासमोर आजोबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. वर्क फ्रॉम होममुळे मी घरी परतलो आणि एका रविवारी ठरवलं, हिला चमकवायचंच. सांगलीत कॉलेजला असताना तिचं बॉनेट मी तिथल्या एका गॅरेजात रंगवून घेतलं होतं. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे राहिले होते. डिकीवर मात्र कारखान्यातला मूळ निळा रंग होता, पार विटलेला.

आधी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन दोन्हीकडे घासून पाहिलं. बॉनेटवर फडकं पांढरंच राहिलं. डिकीवर ते निळं झालं. हा फरक का, ते शोधायला बसलो आणि रविवार त्यातच गेला.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्या ब्रशने रंगवत. थरावर थर द्यायचे, मध्ये वाळवायचं. एका गाडीला आठवडे लागत. मग अमेरिकेत ड्यू पाँट आणि जनरल मोटर्सने ‘ड्युको’ नावाचा लॅकर आणला. १९२४च्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या रंगून बाहेर पडल्या. तो फवारता यायचा, काही तासांत वाळायचा. पण चमक हवी तर घासावं लागे. आपल्याकडे फर्निचरवाले आजही ज्याला ‘ड्युको’ म्हणतात, ते नाव मोटारीवरून आलंय!

पुढचे इनॅमल रंग आपोआप चमकत, पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की त्यांचा वरचा थर भुकटीसारखा होतो. माझ्या फडक्यावर आलेला निळा तोच. १९८०च्या दशकात रंगावर वेगळा पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत जगभर रुळू लागली. आमच्या बॉनेटवर तो आहे, म्हणून तिथे रंग सुटला नाही.

आणि डिकी? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज-प्लायमाउथ, मग फियाट तयार झाल्या. त्याच फियाटचं सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५मध्ये याच वालचंदांचं नाव मिळालं. चार वर्षं मी त्या कॉलेजच्या फाटकातून आत-बाहेर केलं, पण आजोबांच्या गाडीशी त्या नावाचा संबंध कधी जोडला नाही.

पुढच्या रविवारी कामाला लागलो. फवारलेले थेंब एकमेकांत नीट मिसळण्याआधीच थिनर उडून गेला की खळगे राहतात. ते भरता येत नाहीत. उंचवटे घासून खळग्यांच्या पातळीला आणावे लागतात. सावलीत, शाम्पूच्या पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा वॉटर पेपर, मग ३०००चा, मग कंपाउंड आणि मशीनवर फोमचं पॅड. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. कडेला तो आणखी पातळ असतो, म्हणून तिथे मास्किंग टेप लावतात. मी कंटाळा केला. अर्ध्या मिनिटात कडेला करड्या प्रायमरची बोटभर रेघ उघडी पडली. कोडमध्ये चुकलं तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं. इथे मागचं व्हर्जन बादलीतल्या पाण्यात विरघळलं होतं.

बाकीचं बॉनेट मात्र जमलं. आधी लाटांसारखी हलणारी अजिंक्यताऱ्याची कड त्यात सरळ दिसू लागली.

मग डिकीकडे वळलो. आजोबा पायरीवर बसून बघत होते.

“तेवढी राहू दे.”

“आजोबा, एका तासात नवी करतो.”

“दर दिवाळीला मी तेच करत होतो. म्हणून तर पातळ झालीये.”

मला वाटत होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही म्हणून डिकी विटली. खरं तर उन्हाइतकीच ती त्यांच्या हौसेनंही झिजली होती. प्रत्येक दिवाळीच्या चमकेसाठी कुर्ल्याचा थोडा निळा फडक्यावर गेला होता. त्या कारखान्यातून आता पद्मिनी निघत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली. उरलेला निळा संपला तर पुन्हा मिळणार नाही.

डिकी नुसती धुतली आणि साधं वॅक्स लावलं. त्यात कापणारा कण नसतो. ते काही काढत नाही, वर बसतं. रंग थोडा गडद झाला, एवढंच.

संध्याकाळी आजोबांनी बॉनेटवरून हात फिरवला. बोट बरोबर त्या रेघेवर थांबलं.

“हे तुझं का?”

“हो.”

“मग असू दे,” म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली.