पॉवरलिफ्टिंग : टप्प्याटप्प्याने भार वाढविण्याची पद्धत

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस व डेडलिफ्ट अशा तीन प्रकारे वजन उचलले जाते. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि सर्वोत्तम उचलींच्या बेरजेवर निकाल ठरतो. या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला. सरावपद्धतीची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत.

महाराष्ट्रातील तालमींत बळ वाढविण्यासाठी जोर-बैठकांची संख्या वाढविली जाई. त्याने दम वाढे. परंतु शरीराचे वजन हाच भार असल्याने तो मोजून वाढविता येत नसे.

अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवरील उपचारांतून १९४५ मध्ये निराळी पद्धत मांडली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल, ते वजन त्यांनी प्रमाण मानले. १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी तीन फेऱ्या सुचविल्या : प्रमाण वजनाच्या निम्म्या, पाऊण आणि पूर्ण भाराने, प्रत्येकी दहा वेळा. ताकद वाढली की प्रमाणही वाढविले जाई.

साठच्या दशकात सोव्हिएत अभ्यासक लेव मात्वेयेव यांनी सरावाची कालखंडांत विभागणी मांडली : प्रारंभी हलका भार व अधिक आवर्तने, स्पर्धा जवळ येताच जड भार व मोजकी आवर्तने. पुढे अमेरिकेतील लुई सिमन्स यांनी कमाल भाराचे व वेगाचे दिवस एकाच आठवड्यात बसविले.

कुडाळसारख्या तालुक्याच्या गावीही एक बार, काही प्लेट्स आणि नोंदवही एवढ्यावर ही पद्धत आचरता येते. रोज कमाल वजन उचलून पाहणे ही परीक्षा होय, सराव नव्हे. कंबर व खांदे दुखावण्याचा धोकाही त्यातच अधिक.